फुगलेल्या विषाणू-कवचासाठी एक बादली खारे पाणी

प्रति,
मा. सभागृह व्यवस्थापक,
विज्ञान प्रदर्शन केंद्र.

विषय : फुगलेले विषाणू-कवच आकसावे व आत अडकलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई बाहेर याव्यात, यासाठी सभागृहात एक बादली मिठाचे पाणी नेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) दारावरील सूचना, "आत पाणी व कात्री नेऊ नये." २) आपले कालचे उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करते की, आम्ही दोघी जावा तंबू-कनाती शिवतो. केंद्राने माणूस आत उभा राहील एवढे विषाणूचे कवच मागितले. ते आम्ही नायलॉनचे पंचकोनी, षट्कोनी तुकडे नाड्यांनी एकमेकांना बांधून उभे केले. तंबूवाल्यांची रीत अशी की, शेवटचे तोंड एकीने आत बसून बांधायचे आणि ते कोणत्या बाजूला ठेवायचे हे बाहेरचीने सांगायचे. परंतु सासूबाईंची मोठी कात्री कोणाकडे राहावी यावरून आम्ही सात वर्षे बोलत नव्हतो. आधी तोंड कोणी उघडायचे यावर दोघी अडलो आणि जाऊबाई आत असतानाच कवचाचे तोंड भिंतीकडे राहिले.

त्यानंतर चकाकी यावी म्हणून आपल्या शिपायांनी ते पॉलिस्टरच्या फडक्याने सकाळभर घासले. हवा गार व कोरडी करणारी यंत्रे चालूच होती. सगळ्या तुकड्यांवर एकसारखा विद्युतभार चढला, तुकडे एकमेकांना ढकलू लागले, कोपरे बोथटले आणि कवच टम्म फुगून भिंतीला असे चिकटले की आतली गाठ ताणून घट्ट बसली आणि बाहेरून नाडी सोडायला बोटही शिरेना. आपल्याकडील शास्त्रज्ञ बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगदी खऱ्यासारखं झालंय हो!" काही वनस्पतींच्या विषाणूंचेही असेच असते म्हणे. भोवती आंबटपणा आणि कॅल्शियम असेल तोवर कवच आवळून बसते. ते गेले की तुकड्यांवरचे सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, कवच फुगते, सांध्यांना फटी पडतात. मिठाच्या पाण्यात मात्र भार झाकले जातात आणि ढकलाढकल निवते. मला हे लगेच पटले. सासूबाई होत्या तोवर आमच्याही घरात मीठ होते.

मी कात्री घेऊन धावले. पहारेकऱ्याने ती नियमाप्रमाणे जप्त केली. आता ती दोघींपैकी कोणाकडेच नसल्याने मूळ वाद निकाली निघाला आहे, याबद्दल कार्यालयाचे आभार.

आपण उत्तरात कळवले की, सदर महिलेजवळ प्रवेशपत्र नसल्याने त्या आत आहेत असे मानता येत नाही. आज सकाळी मात्र कवचावर "प्रदर्शित वस्तू. हात लावू नये" अशी पाटी दिसली. जाऊबाई आतून प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देतात आणि लोक बाकीची दालने सोडून तिथेच गर्दी करतात. त्यामुळे प्रदर्शनाची मुदत वाढवण्याचा आपला विचार असल्याचे समजते. वस्तूचे गुडघे दुखतात, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

एक गोष्ट लपवत नाही. फुगल्यामुळे सांध्यांना बोटभर फटी पडल्या आहेत. काल मी एका फटीतून चहाची नळी आत सरकवली, तेव्हा आतून आवाज आला, "काय गं, तुझा टाका अजून लांबच पडतो." मी म्हटले, "आणि तुमची गाठ अजून सुटत नाही." सात वर्षांतले हे पहिले बोलणे. नंतर सासूबाईंचा विषय निघाला, आणि दोघींनी एकाच फटीला दोन्हीकडून गाल लावल्यावर जे व्हायचे ते झाले. म्हणजेच सभागृहात खारे पाणी विनापरवाना आले. त्याबद्दल होईल ती शिक्षा मान्य आहे. परंतु तेवढ्यानेच तिथला वीतभर सांधा सैलावला, हे पहारेकऱ्याने स्वतः पाहिले आहे.

उरलेल्या कवचाला पुरेल इतके पाणी आम्हा दोघींच्या डोळ्यांत नाही. तरी एक बादली व एक फडके आत नेऊ द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या नम्र,
धाकटी जाऊ (बाहेरून)
थोरली जाऊ (आतून, सही फटीतून केली असल्याने वाकडी आहे)

दिनांक : प्रदर्शनाचा तिसरा दिवस

सोबत : १) नायलॉनचा उरलेला तुकडा, २) मिठाची पुडी. पाणी नियमानुसार जोडलेले नाही.