माझ्या जिवलग मैत्रिणीवर माझा खटला

३ मार्च, सोमवार

सगळ्यात आधी टपकली ती आमच्या पाद्र्याची बायको. हातात भट्टीत भाजलेलं चिकनचं कॅसरोल, डोळे माझ्या पायावर. मागोमाग पोस्टवाला. मग माझ्या मैत्रिणीची, ऑर्लीनची, चुलत वहिनी — तिच्याही हातात चिकनचंच! फ्रिजचं दार लागेना.

सगळ्यांना एकच ऐकायचं, पडलीस कशी. मी रंगवून सांगते. शेजारी ऑर्लीनच्या मागच्या ओसरीवर आम्ही दोघी अक्रोडासारखे पेकान सोलत बसलो होतो. उठताना कठड्याला हात टेकला, तर कठडा माझ्यासकट खाली. खुब्याचं हाड मोडलं. कठडा कुजलाय हे ऑर्लीनला ठाऊक होतं. भाच्याला सांगून सांगून तिचा घसा बसला, तो मेला येतो येतो म्हणत राहिला.

ऑर्लीन कोपऱ्यात बसून रडत होती. तिला म्हटलं, पुरे कर, येणाऱ्यांना वाटेल मी गेलेच.

१९ मार्च, बुधवार

लेक आली ह्यूस्टनहून, र्‍होंडा. घरभर फिरली. दाराशी उंच पायऱ्या, न्हाणी वरच्या मजल्यावर. मम्मा, तू इथं एकटी राहणार कशी, म्हणे. पायऱ्यांवर उतरण हवी, खाली न्हाणी हवी, मदतीला बाई हवी. पैसा कुठनं आणायचा? म्हणून तिनं तिकडे म्हाताऱ्यांच्या निवासात खोली बघून ठेवलीये. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत सोय झाली तर बरं, नाहीतर बाडबिस्तरा उचलायचा.

खोलीला खिडकी आहे म्हणे. खाली गाड्या उभ्या करायची जागा दिसते. इथल्या खिडकीतून मला ऑर्लीनचं स्वयंपाकघर दिसतं — ती साखर किती घालते तेसुद्धा.

नात डेलियानं बाळाला माझ्या पलंगावर सोडलं. दात आलाय! एकच, पण काय चावतो लबाड.

२२ एप्रिल, मंगळवार

ऑर्लीन वकील घेऊन आली. माझ्यासाठी! तिच्या घराचा विमा आहे, नवरा होता तेव्हापासून भरतेय. कंपनी सरळ काही देईना. वकील म्हणाला, दावा लावावा लागेल, पण कंपनीवर नाही लावता येत, ऑर्लीनवरच लावायचा. मला हसूच फुटलं. हिच्यावर?

ऑर्लीन म्हणाली, "लाव गं. हप्ते भरून भरून कंबर मोडली माझी. निदान त्यातनं तुझी तरी सरळ होऊ दे."

आणि हिच्या अंगणात पाटी काय, तर 'खटलेबाजांना आवरा'! दुखण्याबद्दल मिळणाऱ्या भरपाईला कायद्यानं मर्यादा घाला, असं राज्यभर चाललंय ना, त्यातली. मी विचारलं, पाटीचं काय करायचं? ती लुबाडणाऱ्यांसाठी आहे म्हणे, तुझ्यासाठी नाही. काढली मात्र नाही. मी शाळेत सहावीपर्यंतच गेले, मला काय कळणार. पण लुबाडणारी स्वतःला लुबाडणारी म्हणते कुठे?

६ ऑक्टोबर, सोमवार

खटला सुरू. ऑर्लीनच्याच गाडीतून गेलो, दुपारी कोर्टाच्या पायऱ्यांवर एकाच डब्यातून खाल्लं. दोन्ही बाजूंच्या वकिलांची तोंडं पाहण्यासारखी झाली. उद्यापासून वेगळ्या या, वेगळ्या जेवा!

माझ्या वकिलानं बजावलंय, विम्याचं नाव ज्युरीसमोर काढायचं नाही. कंपनीचा पैसा म्हटल्यावर त्यांचा हात सैल सुटेल, म्हणून तसा नियमच. मी म्हटलं, अहो, मग त्यांना वाटेल मी हिचं घर विकायला लावतेय. म्हणाला, वाटू दे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनीनं ऑर्लीनला दिलेला वकील फार गोड बोलतो. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीकडून पैसे हवेत का तुम्हाला, असं विचारलंन. काय सांगणार? हो म्हटलं.

ज्युरीत टॅगर्ट आहे, पशुखाद्याच्या दुकानाचा. मी त्याच्या कोंबड्या चोरल्यासारखा बघत होता. डेलिया म्हणाली, आजी, ही माणसं तुला काही देत नाहीत. कोबीची भाजी चांगली झाली होती, तरी खाववेना.

८ ऑक्टोबर, बुधवार

काय लिहू!

ऑर्लीनची साक्ष. कठडा कुजलेला माहीत होता? होता. मैत्रिणीला सांगितलंत? नाही, घरातलं कुजकं कोण दाखवत बसतं. इथवर ठीक. मग टॅगर्ट माझ्याकडे बघून मान हलवायला लागला आणि ऑर्लीनचं टाळकं सरकलं.

"अहो टॅगर्ट, तिच्यावर काय डोळे वटारता? माझा छदामसुद्धा जात नाहीये यात. विमा कंपनी देणारे!"

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. खटला रद्द, ज्युरी घरी. नव्या ज्युरीपुढे पुन्हा पहिल्यापासून, तेही वसंतात. माझा वकील डोकं धरून बसला.

वसंतापर्यंत मी ह्यूस्टनला असणार. आता कुणाची मनाई, परतताना ऑर्लीनच्याच गाडीतून आलो; ती मुसमुसत होती. तिला म्हटलं, बरं केलंस, मला लुच्ची समजून घरी गेले असते सगळे. तेव्हा कुठे नाक पुसलंन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

र्‍होंडा सोमवारी त्या खोलीसाठी सही करणार. मी नको म्हटलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

दाराशी टॅगर्ट! टोपी हातात. मागे शाळेच्या प्रुइटबाई आणि बस चालवणारा डुएन, दोघंही ज्युरीतलेच. आता सुटलो, आता बोलायला मोकळे, म्हणाले. ऑर्लीन कुंपणापलीकडून धावत आली.

टॅगर्ट म्हणाला, मी तुम्हाला शून्य देणार होतो. प्रुइटबाईंनी खाली बघितलं. म्हणजे त्याही! मग, ही पाटी लावून खटला कसला करवता, म्हणून टॅगर्टची ऑर्लीनशी जुंपली — दोघं एकाच बाजूचे असून! खटल्यांच्या धास्तीनं आपल्याकडचा बाळंतपणं करणारा डॉक्टर गाव सोडून गेला, असं तो म्हणत होता. ते खरंच आहे, डेलियाला बाळंत व्हायला दुसऱ्या गावी न्यावं लागलं. पण माझा खुबाही खराच आहे की.

मी चहा ओतला. ह्यूस्टनचं सांगून टाकलं, लपवायचं काय त्यात. टॅगर्ट उठून बाहेर गेला. मला वाटलं, रागावला. बघते तर गुडघ्यावर बसून पायऱ्यांना मोजायची टेप लावतोय.

म्हणाला, "माझं मत बदललेलं नाही, बाई. खटले फार होतात. पण या पायऱ्या उंच आहेत."

डुएनचा भाऊ नळाची कामं करतो. जिन्याखाली न्हाणी बसेल म्हणे. मदतीच्या बाईचं विचारलं, तर ऑर्लीन फणकारली — मी काय मेलेय?

१२ ऑक्टोबर, रविवार

र्‍होंडाला फोनवर सगळं सांगितलं. न्हाणीचं दोनदा विचारून घेतलं तिनं. मग म्हणाली, सही करत नाही, मीही येते, हातोडी आहे ना घरात?

टॅगर्ट मंडळी लाकूड घेऊन परत येणार — शनिवारी, अठरा तारखेला, सकाळी.