सेल न बदलण्याचं स्वातंत्र्य

४ जानेवारी
नव्या कायद्याप्रमाणे आज घरात धुराचा अलार्म बसला. ऐन बेडरूमच्या छतावर. माझ्या घरात मी जळेन नाहीतर विझेन, सरकारने नाक खुपसायचं कारण नाही. हे वायरमनला ठणकावून सांगितलं. त्याने सही मागितली. केली, पण निषेध म्हणून गिचमिड.

११ जानेवारी
अलार्म दर मिनिटाला 'टीं' करतो. सरकारी सेल, आठवड्यातच उतरलाय म्हणे. हिने नवा आणून टेबलावर ठेवलाय. स्टूलवर चढलं की हिला गरगरतं, त्यामुळे बदलायचा मी. मी हात लावणार नाही. ज्याने कायदा केला त्याने येऊन बदलावा.

१२ जानेवारी, सकाळ
दोघांनाही झोप नाही. तत्त्व शाबूत.

१९ जानेवारी
ही धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "सेल बदललात की फोन करा." चार दिवसांत येईल परत. संध्याकाळी मुलीचा फोन. बाबा, तुमचं भांडण सरकारशी आहे की आईशी, असं विचारत होती. पोरीला राजकारण कळत नाही.

२ फेब्रुवारी
दूध करपलं. घरभर धूर. अलार्मचं आपलं फक्त टीं. कुचकामी यंत्र, मी आधीच म्हटलं होतं. शेजारच्या काकू धावत आल्या. खिडक्या उघडल्या, हिची चौकशी केली. मजेत आहे म्हटलं.

१० फेब्रुवारी
हिला फोन केला. सहजच. बोलताना मध्येच टीं झालं. "अजून तसाच आहे ना?" म्हणाली आणि फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी
टीं ऐकू येतं, पण त्रास होत नाही. जेवताना, अंघोळ करताना, पडल्या पडल्या, कशाचंच काही वाटत नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावं.

१ मार्च
सेल बदलला. दबावाखाली नाही. स्टूल बाहेर काढलेलंच होतं. दोन मिनिटांचं काम.
लगेच हिला फोन लावला. मोबाईल छताकडे धरला आणि विचारलं, काही ऐकू येतंय का. ती मिनिटभर ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही. अहो, मला इथे छान झोप लागते."
येते म्हणाली नाही. मीही ये म्हटलं नाही. फोन ठेवून टेस्टचं बटण दाबलं. अलार्म चालतो.
इतकी वर्षं या रोजनिशीत बायको म्हणजे 'ही'. आज वर 'ती' पडलंय. खोडलं नाही.