बेगमनं दार लावून घेतलं तेव्हा

प्रिय अन्वर,

नाव घेऊन लिहितेय, रागवू नका. तुमच्या अम्मींना मराठी वाचता येत नाही म्हणून एवढी हिंमत झाली. परवा तुमच्या मागची माझी इद्दत संपली. चार महिने दहा दिवस उंबरठा ओलांडला नव्हता. काल बाहेर पडायला मोकळी झाले, तरी घरीच बसले, कारण छावणीतले तुमचे दोस्त सुनीलभाऊ बेगमला बघायला येणार होते. ते काय म्हणाले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

व्हय, बेगमच! तुमची ती केसाळ, तळहाताएवढी टॅरंटुला. अख्ख्या उस्मानपुऱ्यात कोळी पाळणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता? वर तिचं नाव बेगम! "घरात एक आहे ना, दुसरी कशाला?" असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "ही भांडत नाही." दोन दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी.

तुम्ही गेल्यावर महिन्याभरात तिनं दार लावून घेतलं. डब्यात फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा उपडा ठेवून तुम्ही तिला घर केलं होतंत ना, त्याच्या तोंडाशी तिनं माती ओढून आणली, वरून जाळं विणलं आणि आत गडप. बोटभर फटसुद्धा ठेवली नाही. मला वाटलं, हिलाही कळलं! तुमचा हात रोज दिसायचा, तो दिसेना म्हणून ही रुसली. त्या डब्यासमोर बसून मी रडले, अन्वर. तोवर चार लोकांत नुसती मान हलवत बसले होते.

आणि लाज वाटते ती याची, की तुम्ही मला हे सगळं एकदा समजावलं होतं. मी वह्या तपासत होते. तुम्ही डबा मांडीवर घेऊन बोलत होतात आणि मी नुसती "हं, हं" करत होते. पाचवीच्या पोरांचं शुद्धलेखन तेव्हा मला तुमच्यापेक्षा मोठं वाटलं! आता त्यातला शब्द न् शब्द हवा आहे, आणि एकच आठवतो, "पाणी ठेवत जा." म्हणून पाणी ठेवत राहिले.

मग तुमचा चाळिसावा दिवस आला. फातिहा झाली, माणसं जेवून गेली. संध्याकाळी अम्मी हात झटकत आल्या आणि म्हणाल्या, "आज घर में कोई भूका नक्को रहना. उसको भी डाल दी." कुणाला? बेगमला! तिच्यासाठी तुम्ही पाळलेली ती झुरळं. (लोक झुरळं मारायला औषध आणतात, माझा नवरा पाळायला डबा आणतो!) त्यातली तीन अम्मींनी जिवंत सोडली होती. बिचारीनं मुलाच्या नावानं तिलाही घास दिला. रागवणार तरी कसं?

मी सहज सुनीलभाऊंना फोनवर सांगितलं, तर ते ओरडलेच. "वहिनी, आधी ती झुरळं काढा! बेगम कात टाकायच्या तयारीला लागलीय. कात टाकताना ती उताणी पडती, अंग लोण्यासारखं मऊ असतं. तेव्हा झुरळानं कुरतडलं तरी तिला हलता येत नाय. म्हणून तर दार लावून घेती. रुसलीबिसली नाय ती."

डब्याजवळून जाताना पदर सावरणारी मी, कोपरापर्यंत हात आत घातला. दोन सापडली. तिसरं नाही! मातीत घुसलं, की कुंडीच्या आत गेलं? "उकरू का?" विचारलं, तर म्हणाले, "अजिबात नको. दार मोडलंत तर पुन्हा विणण्यात तिची ताकद जाईल. आता नुसती वाट बघा." पुढच्या आठवड्यात अम्मींनी स्वयंपाकघरात एक झुरळ चपलेनं मारलं. झुरळ बघून मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला! पण ते तेच होतं की घरातलं, हे कोण सांगणार?

अडीच महिने गेले. अम्मी रोज ताट घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी यायच्या, मी दोन घास खाऊन ताट परत करायची. खरं सांगू? नमाजानंतर मी मागायची, मलाही बोलावून घे. आणि त्याच तोंडानं मागायची, तेवढी बेगम जगू दे. तुमच्या मागं माझ्या हवाली केलेला तो एकच जीव, आणि तोही माझ्या घरात उपाशीपोटी झुरळाच्या तोंडी मरायचा?

एक बोलायचंय. ती निदान दार लावून घेते, बाहेरच्याला कळतं तरी. तुम्ही मात्र दोन दिवस छातीत कळ सोसलीत आणि "ॲसिडिटी आहे गं" म्हणत हसत राहिलात. का? मला एकदा सांगायचं होतं! याचा राग अजून गेलेला नाही, जाईल तेव्हा जाईल.

गेल्या जुम्म्याला सकाळी पाणी बदलायला गेले, तर दार फोडलेलं, आणि समोर बेगम पडलेली. आठही पाय आखडलेले. "मेली!" मी किंचाळले. अम्मी धावत आल्या आणि डब्यासमोर दुवा पुटपुटायला लागल्या. तेवढ्यात कुंडीतून एक पाय आला. मग दुसरा. काळीभोर, नवीकोरी, आधीपेक्षा मोठी बेगम! बाहेर पडली होती ती तिची कात होती, अन्वर. अम्मी आणि मी गळ्यात गळे घालून इतक्या हसलो, की शेजारीण बघायला आली.

काल सुनीलभाऊंनी ती कात भिंगाखाली धरली. नर असला तर थोड्या वर्षांत आटोपतो म्हणे, आणि नर की मादी ते कातीवरून कळतं. "मादी आहे, वहिनी. नीट सांभाळली तर अजून दहा-बारा वर्षं कुठं जात नाय." दहा-बारा वर्षं! मग आत जाऊन अम्मींकडून ताट मागून घेतलं आणि पोटभर जेवले.

सोमवारपासून शाळेत जातेय. बेगमचे दात अजून मऊ आहेत, दोन आठवडे तिला काही द्यायचं नाही, हे अम्मींना बजावलंय. पुढच्या वेळी दार लावेल तेव्हा मी उकरणार नाही, रडणार नाही, पाणी ठेवीन. आणि एक वचन देते, तिच्याआधी मी तुमच्याकडे येणार नाही. बसा तोवर वाट बघत!

तुमची, भांडणारी,
शबाना