रावणाला लंका दाखवली

कोलंबो, ता. २ जानेवारी १९५६

चि. सोमाजी यास दादाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण, आम्ही सुखरूप पोचलो. चाळीस वर्षं मी सावली गावच्या शाळेत पोरांकडून समुद्राच्या कविता तोंडपाठ करून घेतल्या, चुकणाऱ्याला छड्या दिल्या, आणि स्वतः समुद्र पाहिला तो परवा. बोटीच्या कठड्याशी उभा राहून कविता म्हणू लागलो, तर दुसऱ्या कडव्याला डोळे भरून आले आणि तिसऱ्या कडव्याला बोट लागली. बरोबरच्या लटारूनं पाठ चोळून दिली. तो मात्र या मुलखावर नाराज आहे. एवढं पाणी अन् धानाची एक बांधी नाई, असं त्याचं म्हणणं.

नागपूरकर यात्रामंडळीत आम्ही बावीस जण. भर हिवाळ्यात अंगाला घाम, आणि जिकडे पाहावं तिकडे नारळ. लटारू रोज सकाळी बायाबापड्यांना गोळा करून, आपण सत्तावीस वर्षं गावच्या दंडारीच्या नाटकात रावण होतो हे सांगतो. काल शहाळंवाल्यालाही सांगितलं, आपल्या भाषेत. त्या गरिबानं घाबरून आणखी एक शहाळं फोडून दिलं.

तुम्हा दंडारवाल्यांचा बेत त्याला कळलेला नाही. त्याचे दात गेले, गर्जनेतून नुसता वारा निघतो, हे खरं. गेल्या साली भाषण विसरून त्यानं सीतेला, जाय बाई, तुई माय वाट पाहत असन, म्हणून घरी पाठवलं आणि पाच गावं हसली, हेही खरं. पण सत्कार म्हणून त्याला लंकेला धाडायचं आणि मागे येत्या सोमवारी तरण्या इसरूला रावण करायचं, यात मी पहारेकरी झालो हे मला खुपतं. खेळ कसा होतो ते कळव.

लहानांना पापे. घरच्यांनी माया आहे तशी राखावी.

तुझा
दादाजी

सावली, ता. १० जानेवारी १९५६

तीर्थरूप दादाजीभाऊंचे सेवेशी सोमाजीचा शि. सा. न. वि. वि.

भाऊ, काल खेळ झालाच नाई. दुपारपासून पाच गावच्या बैलबंड्या लागल्या होत्या. चार वाजता रंग कालवला, अन् इसरू तोंड धुऊन बसला तो बसलाच. म्हणे, रावणाले पयला रंग जुन्या रावणाच्या हातचा लागते. लटारूकाकाले त्याच्या आधीच्यानं लावून दिला होता, मले दुसऱ्या कोणी हात लावला तं मी उठणार नाई. मी समजावलं, ओरडलो, शेवटी पाया पडलो. रामानं धनुष्य बाजूले ठेवून भात खाऊन घेतला. लोकं बंड्या जुंपून गेले, अन् जाता जाता मले जे बोलले ते थोरल्या भावाले लिहिण्यासारखं नाई. आता ३० तारखेचा सोमवार धरला आहे.

लटारूभाऊले यातलं काही कळू देऊ नका. आल्याबरोबर रंग लावून देईन एवढं फक्त गोडीनं कबूल करून घ्या, पण काऊन लावाचा ते सांगू नका. हे कसं जमवाचं ते तुमचं तुम्ही पाहा, तुम्ही शिकलेले.

वहिनी बरी आहे. भाताले नावं ठेवणारं कोणी नाई म्हणून तिले करमत नाई. कृपा आहे ती कमी होऊ देऊ नये.

आपला धाकटा
सोमाजी

कोलंबो, ता. १७ जानेवारी १९५६

चि. सोमाजी यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लटारूला अक्षर येत नाही, म्हणून त्यानं ते मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. मी तुझ्या पत्रात नसलेला हरभरा वाचला, न व्यालेली गाय वाचली, शेजारच्या गुणाबाईच्या घरचं पाहुणपण वाचलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, गुरुजी, कागद एवढुसा अन् मजकूर एवढा? इसरू बसून राह्यला का नाई, तेवढं वाचा.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानंच इसरूला, पहिला रंग आपल्याच हातचा घेण्याची, महादेवापुढे शपथ घातली होती. बेत त्याला पहिल्यापासून ठाऊक. सत्कार करणारे हार घालतात, म्हणाला, बोटीआधी मंडपमच्या छावणीत रोगाच्या सुया टोचून घ्याले नाई पाठवत. मग आलास कशाला, असं विचारलं, तर फुकटचा समुद्र कोण सोडन, म्हणे.

मी विचारलं, तुला अजून रावण व्हायचं आहे का? त्यानं पाण्याकडे पाहिलं. मला पाठ असलेल्या एकाही कवितेत कुणी समुद्राकडे तसं पाहत नाही. मग म्हणाला,

"दात गेले हे मले दिसते, गुरुजी. उतर म्हटलं असतं तं मी सोता उतरलो असतो. पण उतर म्हणून सांगाले कोणी आलंच नाई."

न आलेल्यांत मीही होतोच.

तेव्हा त्याचा निरोप जसा आहे तसा कळवतो. इसरूला रंग तो लावील, पण पडद्यामागे नाही. मंचावर, पाचही गावांदेखत. आरसा धरायला तू. आणि रंग लागून होईस्तोवर, मागचा खेळ काऊन बुडाला ते तू उभ्यानं, कागद न पाहता, सगळ्यांना सांगायचं. लटारू रंग लावता लावता ऐकेल. मध्येच विसरलास, तर हसण्याचा पहिला मान त्याचा.

मी रदबदली करणार नाही. पाठांतराला आजच बैस. आम्ही उद्या निघतो. सर्वांना यथायोग्य सांगावे, आणि आमच्यावरचा राग तीस तारखेपर्यंत आवरून धरावा.

तुझा
दादाजी