कमळच्या फोटोसाठी एक चार्जर

म्हशाजवळ, ता. मुरबाड
कोजागिरीचा दुसरा दिवस

वडीलधारे भगीरथदादा यांना कुंडलिकचा वाकून नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. ती तशीच राहू द्या, पण शेवटापर्यंत वाचल्याशिवाय पत्र फाडू नका, एवढी विनंती. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? इकडे सगळं ठीक आहे (म्हणजे म्हैस ठीक आहे, माझं विचारू नका). कमळच्या बाराव्यापासून आपल्यात बोलणं नाय. मी फोन लावत नाय आणि लावला तरी तुम्ही उचलणार नाय, म्हणून पोस्टाचा खर्च केला. काम अगदी छोटं आहे. तुमच्या दीपेशकडे लॅपटॉपचा जाड पिनेचा चार्जर आहे असं आमची भाविका सांगते. तो चार दिवस मिळाला तर बरं होईल. एवढंच. पण नुसता चार्जर मागितला तर तुम्हाला वाटेल की म्हाताऱ्याला आता हे काय सुचलं, म्हणून कारण लिहितो.

कार्तिक शुद्ध सप्तमीला कमळचं वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर लावायला घरात तिचा फोटो नाय. तुमची बहीण सगळ्या गावाचे फोटो काढायची, त्यामुळे स्वतः कशातच नाय. एका लग्नाच्या अल्बमात आहे, पण तिथे अर्धं तोंड लाडवाच्या ताटामागे गेलंय. आधारकार्डावर आहे, पण त्यात ती अशी दिसते की कोणी चोरीचा आळ घेतलाय. मागच्या महिन्यात भाविका पुण्याहून म्हणाली, बाबा, म्हशाच्या जत्रेतला आईचा एक छान फोटो जुन्या लॅपटॉपमध्ये आहे, दुसरीकडे कुठेच नाय, माझा तो मोबाइल चोरीला गेला. हा लॅपटॉप म्हणजे भाविकाच्या कॉलेजातला. पुढे तो कमळनं घेतला, त्यावर एका बोटानं टाइप करायला शिकली आणि बचत गटाचे सगळे अर्ज त्यावरच करायची. ती गेल्यापासून तो कपाटात तिच्या साड्यांखाली होता. मी काढला, चार्जर लावला, बटण दाबलं. काळा तो काळाच.

पहिला संशय मी आमच्या भिंतीवर घेतला. मग विजेवर घेतला, कारण आमच्याकडे संध्याकाळी बल्ब असा जळतो की तो आहे हे बघायला बॅटरी लावावी लागते. म्हणून लॅपटॉप काखेत मारून घरोघर निघालो. ज्याच्याकडे वीज जोरात असेल त्याच्याकडे लावून बघायचा बेत होता. सात घरं झाली. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी कोणीतरी पिन ढकलून म्हणालं की बसली बरोबर, आणि प्रत्येक घरी कमळची आठवण निघाली. त्यामुळे पाचव्या घरापासून लॅपटॉप बाजूला राहिला आणि बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या. सातव्या घरी बाईजाआत्यानं त्याची दृष्टच काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि वास आला नाय म्हणजे नजर जबर आहे असं सांगितलं. मी हात जोडून उभा होतो. दादा, तुम्ही मला हसाल, पण त्या दिवशी कोणी सांगितलं असतं की याला म्हशीचं दूध पाज, तर मी वाटी घेऊन बसलो असतो.

मग मुरबाडच्या बाजारात मोबाइलचं दुकान आहे, त्या मितेशकडे गेलो. त्यानं लॅपटॉप वाजवून बघितला (कलिंगड वाजवतात तसा) आणि म्हणाला बॅटरी मेली, आतलंही सगळं गेलं असणार, काका, आता नवीनच घ्या. मी त्याला विचारलं, गेलं म्हणजे कुठे गेलं? तो म्हणाला, गेलं म्हणजे गेलं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी तसाच उठलो. येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं की तिच्या पोराचा मोबाइल भिजला होता, तो तांदळात ठेवला आणि बरा झाला. आमच्या कपाटाला पावसाळ्यात ओल येतेच, ते मला पटलं. घरी आल्या आल्या तांदळाचा मोठा डबा उघडला आणि लॅपटॉप आत पुरला. चार दिवस. त्या चार दिवसांत रोज जेवायला तांदूळ काढताना त्याला बाजूला सारायचो आणि पुन्हा पांघरूण घातल्यासारखे तांदूळ लोटायचो. पाचव्या दिवशी काढला, फडक्यानं पुसला, लावला. काही नाय. उलट आता बटणांखालून कणी गळायला लागली.

शेवटी कोणीतरी म्हणालं, शहापूरला एसटी स्टँडच्या मागे वर्षा नावाची पोरगी बसते, तिच्या हाताला गुण आहे. गेलो. दुकान म्हणजे एक टेबल आणि एक पंखा. तिनं काही विचारलं नाय, पहिल्यांदा चार्जर तपासला. चार्जर एकदम ठणठणीत. मग जिथे पिन लावतात त्या भोकात टॉर्च मारली आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, काका, पिन अर्धीच आत जाते, आत काहीतरी अडकलंय. चिमट्यानं हळूहळू काढलं आणि कागदावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता. मी लाजून सांगितलं की माझ्याच हातचं आहे, डब्यात पुरला होता. तिनं मान हलवली.

"काका, डब्यातला तांदूळ पांढरा असतो. हा लाल आहे, आणि चिकटून दगड झालाय. ही अक्षत आहे."

दादा, मी तो कागद हातात घेतला. गेल्या दसऱ्याला कमळनं ओटीवर पाट मांडला होता. कोयता, नांगराचा फाळ, तिची शिलाई मशीन, आणि शेवटी हा लॅपटॉप. मी चेष्टा केली की कोयत्याला पात्यावर कुंकू लावतात, मशीनला सुईवर लावतात, याला कुठे लावशील? ती लॅपटॉप फिरवून फिरवून बघत राहिली. मग म्हणाली, "जिथनं ता खाता तिथंच लावाचा." आणि ओल्या कुंकवाचं बोट लावून अक्षता त्या भोकावर अंगठ्यानं दाबल्या. सोनं देताना तिचा हात माझ्या हाताला लागला, तो तापलेला होता. मी म्हटलं, उन्हात बसली असेल. त्यानंतर तिनं लॅपटॉप लावलाच नाय, ताप येत-जात राहिला. म्हणजे वर्षभर तो तिच्या हातचा घास तोंडात धरून बसला होता आणि मी सात घरची वीज पाजत फिरलो.

वर्षानं पिन लावली. बाजूला छोटा पिवळा दिवा लागला. ती म्हणाली चार्ज होतोय. मी म्हटलं, हो. तो दाणा मी कागदात बांधून आणला आणि कमळच्या करंड्यात ठेवलाय.

वहिनींना नमस्कार. दीपेशला आशीर्वाद. चार्जरचं तेवढं बघा.

आपला,
कुंडलिक

ता. क. चार्जर नको. वर लिहिलंच आहे, आमचा चार्जर ठणठणीत आहे. पत्राला काहीतरी निमित्त लागतं.

ता. क. २. फोटो सापडला. त्या साली तुम्ही बैल बघायला म्हशाला आला होता, तेव्हाचा. माझ्या चपलेवर बैलानं पाय दिला होता आणि मी त्याच्या विनवण्या करत होतो, आठवतं? मी फोटोत नाय. कमळ माझ्याकडे बघून हसतेय, दात दिसेपर्यंत. शेजारी तुम्ही आहात, तुमचा हात तिच्या खांद्यावर. फोटो मोठा करणारा अनिल म्हणाला की बाजूच्या माणसाला कापतो. कापलं तर हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला. तो म्हणाला कंप्युटरवर हात पुसून वर पदर काढून देतो, कोणाला कळणार नाय. मी म्हटलं, कापू नको. पुसू पण नको. दोघांना राहू दे.

ता. क. ३. शहापूरला आलो त्या दिवशी लॅपटॉप घेऊन तसाच आसनगावला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो होतो. तुम्ही ओट्यावर गुडघ्याला तेल लावत होता. मी मागे फिरलो.

ता. क. ४. दादा, गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तुम्ही मला अंगणात नेऊन म्हणालात, "कुंडलिकराव, आजच्या आज हिला कल्याणला न्या." मी म्हटलं, चार दिवस थांबा, कापणी उरकू दे. पाचव्या दिवशी गाडी बोलावली तेव्हा उशीर झाला होता. आणि बाराव्याला चार माणसांत तुम्ही काही न बोलता बसला होता, तर मीच उठून म्हणालो की बहिणीची एवढी माया होती तर तुम्ही का नाय नेली. तुम्ही टोपी उचलून निघून गेलात. चूक माझी होती. मला ते तेव्हाही माहीत होतं. लॅपटॉप पुरला तो डबा त्याच कापणीच्या तांदळाचा आहे, वर्षभर मी तोच भात खातोय.

सप्तमीला या. फोटो भिंतीला टेकवून ठेवलाय. खिळा अजून ठोकलेला नाय, तो तुम्ही ठोका.