सेटिंग्ज नव्या घरी नेताना

४ मार्च, गुरुवार, सकाळ
एजन्सीने सॉफ्टवेअर बदललं. वॉशिंग मशीनच्या पडद्यावर उमटणारी वाक्यं आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीत आणायची. सोमवारपर्यंत नमुना द्यायचा. जमलं तर इतकी वर्षं केलेलं हे काम माझ्याकडे राहील, नाही तर दुसऱ्या कुणाकडे जाईल. जाऊ द्यायचं नाही. ताईकडचं मशीन अजून माझ्याच वाक्यात बोलतं, 'दार नीट लावा.' त्या घरात कुणी ऐकत नाही, पण मला बरं वाटतं.

एजन्सीतल्या मुलीला मी मनातल्या मनात चिमणी म्हणते. ती म्हणाली, मॅडम, जुन्यातल्या फाइल टाइपच्या सेटिंग्ज नव्यात इम्पोर्ट करायला हव्यात. भाषांतर कशाचं करायचं आणि कुठल्या कोडला हात लावायचा नाही, हे सॉफ्टवेअरला त्यावरूनच कळतं. मी करून देऊ? म्हटलं, नको गं. दोन कपाटं आणि सासूबाई घेऊन घरं बदललीत मी.

दुपार
एक्स्पोर्ट झालं. इम्पोर्ट करताना एक चौकोन उघडला. बरंच काही लिहिलं होतं. ओके दाबलं. सेटिंग्ज नाहीत. पुन्हा इम्पोर्ट, पुन्हा चौकोन, पुन्हा ओके. फार बडबडं सॉफ्टवेअर.

५ मार्च
कारण सापडलं! फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं जुन्या सॉफ्टवेअरची आहेत. ती बदलून नव्याची लावली. लग्नात माझंही आडनाव बदललं, कुणी दारात अडवलं नव्हतं. मग भाषांतराची फाइल उघडायला गेले, तर पुन्हा चौकोन.

हे चहा घेऊन मागे उभे. म्हणाले, अगं, त्या चौकोनात काय लिहिलंय ते वाच तरी. म्हटलं, वाचण्यावरच माझं पोट आहे, मला वाचायला शिकवू नका. चहा ठेवून गेले. साखर नव्हती.

ओके दाबलं. फाइल उघडली! उद्यापासून ह्यांच्याशी नीट बोलायचं.

६ मार्च
मजकूर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. कंपनीचा माझ्यावरचा विश्वास वाढलेला दिसतो. पण लिहिणारा कोण आहे देव जाणे. सगळे सुटे शब्द. सारखं 'ट्रू', 'फॉल्स', 'ट्रू', 'फॉल्स'. धुण्याच्या यंत्राला एवढी खऱ्याखोट्याची काळजी कशाला? तक्रार न करता 'खरं', 'खोटं' लिहीत गेले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही. किती मऊ हात होते त्यांचे.

मग 'पॅरेंट' आणि 'चाइल्ड' आले. चाइल्डचं 'मूल' कोरडं वाटतं. 'बाळ' की 'लेकरू'? दुपार त्यातच गेली. 'लेकरू' ठेवलं. डोळे भरून आले.

ह्यांच्याशी बोलायचं राहिलं.

७ मार्च
एक दिवस आधीच पाठवून दिलं. आता नव्या लोकांची शिकवणी घ्यावी म्हणते.

ताईचा फोन. मशीन चालेना म्हणून मेकॅनिक बोलावला, त्याने येऊन नुसतं दार लावलं. पडद्यावर ठळक लिहिलेलं असतं! विचारलं, तर म्हणते, इतकं कोण वाचतं? लोक असे का असतात?

९ मार्च, मंगळवार
चिमणीचा फोन. माझी फाइल घातल्यापासून कंपनीतलं मशीन सुरूच होत नाही. कोड 'चाइल्ड' शोधतो आणि त्याला 'लेकरू' सापडतं. म्हटलं, मग 'बाळ' करून बघ ना. ती म्हणाली, मॅडम, सेटिंग्ज आल्याच नव्हत्या. तो चौकोन तिने मला वाचून दाखवला. 'सेटिंग्ज इम्पोर्ट झाल्या नाहीत. ओके दाबल्यास सगळा कोड भाषांतरासाठी उघडला जाईल.' सोपी, स्वच्छ वाक्यं. तिने विचारलं, हे दिसलं नव्हतं का? म्हटलं, दिसलं ना, म्हणून तर ओके केलं.

मग म्हणाली, काम दुसऱ्यांना दिलंय, सॉरी. पण कंपनीला मशीन वापरून बघायला काही माणसं हवी आहेत. पडद्यावरचं काहीच न वाचणारी. तुमचं नाव सुचवू का?

विचार करून सांगते, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण आधीच विचारून बसले, ती वाक्यं मराठीत असतील ना?