ताई म्हणाली, ये

३ ऑगस्ट

पोचले एकदाची! विमानात शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर डोकं टेकून असे काही झोपले की उतरताना मीच त्यांना हलवून जागं केलं. बाहेर शाळेचा ड्रायव्हर पाटी घेऊन उभा होता आणि पाटीवरच्या माझ्या नावात एकही चूक नव्हती. निम्मं मन तिथेच जिंकलं.

शाळा गावाबाहेर आहे, तीन मजली, अजून रंगाचा वास येतोय. खाली ऑफिस, मधल्या मजल्यावर वर्ग, वर आम्हा शिक्षकांच्या खोल्या. माझ्या खोलीत लोखंडी पलंग, टेबल, आरशाचं कपाट आणि भलीमोठी खिडकी. खिडकी उघडत नाही, एसी आहे म्हणे. गादी मात्र झकास. आईला इथे चार दिवस झोपवलं तर गुडघे विसरून पळायला लागेल.

ठमी, म्हणजे माझी धाकटी बहीण, निघताना रडून रडून नाक लाल करून बसली होती. बालवाडीत शिकवते, पण घरी स्वतःच बालवाडीत असल्यासारखी वागते. तिला बजावून आलेय की मी वर्षभर राहते, तू आईजवळ राहायचं. माझी सगळी नोकरी तासिकांवर गेली, तिची कुठे आत्ता कायम झालीय. दोघींनी एकदम घर सोडायचं नाही म्हणजे नाही.

५ ऑगस्ट

शेजारच्या काकूंनी निघेपर्यंत माझे कान किटवले होते. परदेशात शिकवायला नेतात आणि काय काय होतं, याच्या गोष्टी. अहो काकू, मी काय कुकुलं बाळ आहे का?

एजंटबाईचा आवाज गोड होता, अगदी नको इतका गोड, म्हणून तर मी डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं. करार ओळ न् ओळ वाचला. मी म्हटलं, आगाऊ एक पैसा देणार नाही, ती लगेच कबूल. शेवटी हट्टच धरला, तिथे आत्ता शिकवणाऱ्या कुणाशी तरी समोरासमोर बोलल्याशिवाय सही करणार नाही. तिने व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे आपल्याच भाषेतल्या एक बाई, जाड चष्मा, हनुवटीवर तीळ, बोलता बोलता खुदकन हसायच्या. मीही आधी अशीच घाबरले होते हो, म्हणाल्या. जेवणाचं, झोपायचं, मुलांचं सगळं विचारून घेतलं. पोलिसांसारखी उलटतपासणी केली आणि मग सही केली.

आज त्याच चष्मेवाल्या बाई जिन्यात दिसल्या. मी धावत जाऊन हातच धरला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी वर्गणी मागायला आलेय! ओळखच दाखवली नाही, हात सोडवून घेतला आणि गेल्या. भाव खातात झालं. फोनवर काय तो लाघवीपणा आणि इथे हे.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे इथल्या मुख्याध्यापिकांनी, पासपोर्ट शिक्क्यासाठी घेतला आणि फोन इथलं सिम घालायला. मनात जराशी पाल चुकचुकली. पण सगळ्यांचेच घेतात म्हणे.

९ ऑगस्ट

मुलं कुठे आहेत?

वर्ग सुरेख आहे. हिरवा फळा, नवे बाक, आणि बाकांवर कुणीही नाही. मधोमध तिकाटण्यावर कॅमेरा, बाजूला दिवे, मागे कॅमेरेवाला. तो अवाक्षर काढत नाही, नुसता अंगठा वर करतो. मॅडम म्हणाल्या, तुमची मुलं कॅमेऱ्यापलीकडे आहेत, वेगवेगळ्या गावांत, ती तुम्हाला बघतात. मी म्हटलं, मग त्यांचा आवाज? म्हणाल्या, पुढच्या टप्प्यात.

ठीक आहे बाई, तुमचा पगार, तुमचा फळा. मी बाष्पीभवन शिकवलं. रिकाम्या बाकांना शिकवताना पहिल्यांदा फार चमत्कारिक वाटलं, मग रंग चढला. मला आपली सवय आहे, उदाहरण घरचं द्यायचं, मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. समजा, ठमीने ओढणी दोरीवर वाळत घातली. समजा, ठमी पाल बघून पलंगावर चढली. आमच्या शाळेतली पोरं तर ठमीला माझ्याइतकंच ओळखायची. कॅमेरेवाल्याने अंगठा वर केला. एक वाक्य अडखळलं होतं, ते मी आपणहून पुन्हा म्हटलं. काम कसं स्वच्छ पाहिजे.

१४ ऑगस्ट

आता विज्ञान बंद. मॅडम म्हणाल्या, मुलांना तुमची भाषा शिकायचीय, मायेची, घरगुती. रुसवा कसा काढतात? आग्रह कसा करतात? धाकट्या बहिणीला एखादी गोष्ट पटवायची तर कशी पटवतात?

माझा तर हातखंडा! दिवसभर करून दाखवलं. ठमीला आधी थोडं चिडवायचं, मग लहानपणचं काहीतरी काढायचं, मग म्हणायचं, तुझ्याशिवाय करमत नाही गं ठमाबाई. विरघळते लगेच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मीही फुशारून गेले.

फोन अजून मिळालेला नाही. घरी खुशाली कळवलीय म्हणाल्या. कुणी कळवली, ते विचारायचं राहिलं.

१८ ऑगस्ट

फोन मागितला. सिमचं काम अडलंय. पासपोर्ट मागितला. शिक्का अडलाय. सगळं घोडं एकाच ठिकाणी कसं पेंड खातं?

फाटकाला आतून कुलूप असतं. ड्रायव्हरला म्हटलं, दुकानात साबण घ्यायला जाऊन येते. तो साबण घेऊन आला, अगदी मी घरी वापरते तोच. मी त्याला नाव सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर कधीतरी बोलले असेन. हो, बोलले होते, ठमी माझा साबण पळवते म्हणून.

उगाच मनाचे खेळ. पण आता मी पण डोळे उघडे ठेवणार.

२१ ऑगस्ट

दार लावून लिहितेय.

दुपारी भांडी घासताना चष्मेवाल्या बाई शेजारी आल्या. नळ पूर्ण सोडला, पाणी धो धो, आणि ओठ न हलवता बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी माझा हात का धरलात? मी म्हटलं, आपण कॉलवर बोललो होतो ना, तुम्हीच तर मला धीर दिलात. त्या म्हणाल्या, मी इथे आल्यापासून माझ्या हाताला फोनच लागलेला नाही.

मी त्यांना त्यांचीच वाक्यं ऐकवली. मीही आधी अशीच घाबरले होते हो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हे वाक्य त्यांनी वर्गात म्हटलं होतं, कॅमेऱ्यासमोर. धीर कसा द्यायचा, या धड्यात.

त्या स्वतः इथे आल्या त्या मामेबहिणीच्या सांगण्यावरून. तीही अशीच व्हिडिओवर हसत बोलली होती. इथे आल्यावर ती भेटलीच नाही. दुसऱ्या शाखेत पाठवलीय, एवढंच उत्तर.

म्हणजे मी एवढी छाननी केली ती कुणाची? ज्या बाईला मी डोळ्यांत डोळे घालून प्रश्न विचारले, ती बाई नव्हतीच. आणि आता माझ्या तोंडून दिवसरात्र काय काढून घेतायत, ते मला कळलंय. ठमी. देवा, ठमी.

२२ ऑगस्ट

आज कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं नाही. घसा बसलाय म्हणाले. मॅडम रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, हरकत नाही, आता पुरेसं झालंय.

पुरेसं म्हणजे काय?

२४ ऑगस्ट

चष्मेवाल्या बाईंची खोली रिकामी. गादी गुंडाळलेली. दुसऱ्या शाखेत गेल्या म्हणे.

पण ऑफिसच्या दारावरून जाताना मी त्यांचा आवाज ऐकला. खुदकन हसल्या. कुणाला तरी सांगत होत्या, जेवण छान असतं हो, मुलं गोड आहेत. दार अर्धवट उघडं होतं. आत फक्त एक स्क्रीन होता, त्यावर त्यांचा चेहरा, आणि समोर रिकामी खुर्ची.

मी जिन्यात बसून रडले. मग तोंड धुतलं. रडून काय होणार? ठमीला सांगायलाच हवं.

२५ ऑगस्ट

ड्रायव्हर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून गाडी धुवायला गेला. ठमीचा नंबर तोंडपाठ आहे. लावला. तिने उचलला! तिचा हॅलो ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

मी भराभरा सांगितलं. ठमे, मी ताई. कोण काही म्हणालं तरी इकडे येऊ नकोस, नोकरी सोडू नकोस, आईला सोडू नकोस.

ती अगदी परक्या आवाजात म्हणाली, तुम्ही फोन कराल हे ताईने मला कालच सांगितलंय.

मी म्हटलं, अगं मीच ताई! ती म्हणाली, ताई म्हणाली होती, हल्ली कुणाच्याही आवाजात फसवे फोन येतात, जपून राहा, मी रडतेय असं वाटलं तरी विश्वास ठेवू नकोस.

मी पालीचं सांगितलं. ओढणीचं सांगितलं. लहानपणी ती गच्चीवरच्या टाकीमागे लपायची ते सांगितलं. ती म्हणाली, हेच सांगाल असंही ताई म्हणाली होती. मी वेड्यासारखी आठवत राहिले, जे वर्गात बोलले नाही असं काहीतरी. काहीच सुचेना. सगळं सगळं मी बाकांना शिकवून टाकलं होतं. जिभेला हाड नाही माझ्या!

ठेवताना ती म्हणाली, राजीनामा दिलाय मी, तिकीट आलंय, आता तुम्ही काही करू शकत नाही. अभिमानाने म्हणाली. सावध राहिली ना पोर. मीच शिकवलं तिला सावध राहायला.

२६ ऑगस्ट

खोलीला बाहेरून कुलूप. जेवण दाराशी ठेवतात. धक्के, आरडाओरडा, लाथा, सगळं करून झालं.

आईजवळ आता कोण आहे?

आज बाहेरच्या बोळात स्पीकर बसवला. कॅमेरेवाल्यानेच, जेवण आत घेताना दिसला. माझ्या दाराच्या बरोब्बर वर.

२८ ऑगस्ट

सकाळी स्पीकरवर मी बोलले.

मी नाही — ती. एक, दोन, तीन, आवाज येतोय का. मग हसली. माझं हसू, शेवटी नाकातून फुस्स होतं ते सुद्धा.

मी कानावर उशी दाबली. तरी येत होतं. ती ठमीला हाक मारायचा सराव करतेय. आधी चिडवून. मग मायेने. तिला माझ्यापेक्षा छान जमतं —

३० ऑगस्ट

गाडी आली. खिडकीतून दिसलं. ठमी उतरली, दोन बॅगा, नवीन चपला. मी काच बडवली, मुठी सुजल्या. वर बघितलंच नाही तिने. मॅडमनी तिची बॅग घेतली.

खालच्या स्पीकरवरून माझा आवाज — आलीस का गं ठमाबाई! वर ये, मी क्लासमध्ये अडकलेय, तोवर खोली बघून घे.

ती हसली. जिना चढतेय.

मी ओरडले, ठमे! पावलं थांबली. तिने विचारलं, कोण ओरडतंय? स्पीकर म्हणाला, त्या खोलीतल्या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, लक्ष देऊ नकोस राणी.

आवाजाचा आता उपयोग नाही. लिहिते. पान फाडून दाराखालून सरकवणार. माझं अक्षर तिला ठाऊक आहे. आणि आठवलंय मला, आत्ता आठवलंय, कुणालाच कधी न सांगितलेलं —

ठमे, हे वाच. आवाजावर जाऊ नकोस. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर आपण दोघीच बसलो होतो. मी रडत नव्हते म्हणून तू घाबरलीस. माझा हात तू तुझ्या मांडीवर घेतलास आणि मला —

स्पीकर सुरू झाला.

ती सांगतेय. ठमे, बाबा गेले त्या दिवशी — दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर —

हे मी वर्गात बोलले नाही. कधीच नाही. मनातसुद्धा आणलं नव्हतं. आत्ताच, या कागदावर —

ठमी दारापासून मागे सरली. म्हणतेय, हो ताई, आठवतं गं. रडतेय.

ठमे, तू म्हणालीस — माझा हात घेऊन तू म्हणालीस — ती माझ्या एक शब्द पुढे आहे, मी लिहायच्या आधी ती —